मदत हवी आहे: जुन्या मिनीबाईकचे पुढचे फोर्क जाम झालेत

मंडळी, जुनी मिनीबाईक पुन्हा उभी करतोय पण पुढचे दोन्ही फोर्क (चाक धरणारे, धक्के शोषणारे दांडे) पार जाम आहेत, हँडलवर सगळं वजन टाकलं तरी हलत नाहीत. साधे फोर्क आहेत, आत ऑइल नाही, नुसती स्प्रिंग, ग्रीस आणि बुश (नळी ज्यात सरकते ती बाही), म्हणजे पाणी शिरून नळी गंजाने धरली असणार. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) मारून ठेवलंय. आता हीट गन लावू का? बुश प्लास्टिकचे निघाले तर वितळतील ना! नळी पातळ आहे, व्हाइसमध्ये थेट आवळली तर चेपेल, मग लाकडी ठोकळ्यात धरून ओढू का? आणि क्रोमला खड्डे पडलेत तिथे नवीन सील टिकेल की आधी हार्ड क्रोम (क्रोमचा नवीन जाड, कडक थर) करून घ्यावं? ओरिजिनल नळ्या वाचवायच्याच आहेत, कोणी असे फोर्क सोडवले असतील तर प्लीज सांगा.