मदत हवी आहे: क्लिनिकल सायकॉलॉजीची पोस्टडॉक दोन वर्षांची, ओपीटी (पदवीनंतर काम करायची परवानगी) एकाच वर्षाची

नमस्कार मंडळी,

आजवर इथे नुसतं वाचत आले, लिहायची ही पहिलीच वेळ. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर राहून क्लिनिकल सायकॉलॉजीची पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरची फेलोशिप, केलेलं इथे कुणी असेल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर कृपा करून लिहा. हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.

मी साताऱ्याची. पुण्यात एम.ए. करून इथे डॉक्टरेटला आले. प्रबंध पूर्ण झाला आहे, सध्या शिकागोत वर्षभराची इंटर्नशिप चालू आहे, ती जूनअखेर संपेल. आई दर रविवारी फोनवर विचारते, "डॉक्टर झालीस ना गं, मग आता ही फेलोशिप कसली?" तिला सांगते तेच इथे सांगते. पदवी मिळाली तरी परवान्याशिवाय स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट बघता येत नाहीत, आणि परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे. कॅलिफोर्नियात देखरेखीखालचे ३,००० तास लागतात, त्यातले निदान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. अ‍ॅरिझोनासारख्या राज्यात डॉक्टरेटनंतरच्या तासांची सक्ती नाही. ईपीपीपी ही परवान्याची परीक्षा मात्र द्यावीच लागते.

ज्या व्हेटरन्स (माजी सैनिकांच्या) हॉस्पिटलांमध्ये या विषयाचं सगळ्यात जास्त प्रशिक्षण चालतं, तिथे नागरिकत्वाची अट आहे, त्यामुळे ते दार पहिल्यापासून बंद. उरलेल्यांपैकी दोन ठिकाणांहून ऑफर आली आहे. एक कॅलिफोर्नियातलं छोटं क्लिनिक, एका वर्षाचं काम, १,५०० तास त्यात आरामात भरतील. दुसरं एका विद्यापीठाशी जोडलेलं हॉस्पिटल, न्यूरोसायकॉलॉजीची (मेंदूच्या आजाराचा स्मरणावर, वागण्यावर काय परिणाम होतो ते चाचण्यांतून तपासणारी शाखा) फेलोशिप, दोन वर्षं. या शाखेत प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या १९९७च्या ह्यूस्टन परिषदेपासून दोन वर्षांचं प्रशिक्षण धरलेलं आहे, त्यामुळे एका वर्षात उरकायचा प्रश्नच नाही.

मला दुसरं हवंय. का, ते सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). प्रॅक्टिकममध्ये (शिकताना करायच्या प्रत्यक्ष कामात) एक मराठी आजोबा तपासणीला आले होते, मुलाकडे राहायला आलेले. विसरायला होतं अशी घरच्यांची तक्रार. घड्याळाचं चित्र काढा म्हटल्यावर त्यांनी सावकाश, नीट गोल काढला आणि आकडे देवनागरीत लिहिले. काटे अचूक. कागद बघून माझे पर्यवेक्षक म्हणाले, "खाली तीन उलटा काढलाय." मी म्हटलं, सर, तो उलटा तीन नाही, तो आमचा सहा आहे. ते चांगले होते, लगेच ऐकलं. पण त्या दिवशी त्या खोलीत मराठी वाचणारं कुणी नसतं तर? बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने आपल्या माणसांवरून निकष काढून चाचण्यांचा संच केला आहे, इथे मात्र बहुतेक वेळा दुभाष्या बसवून इंग्रजी चाचण्याच घेतल्या जातात. मला हेच काम शिकायचं आहे.

अडचण व्हिसाची. माझी पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही, म्हणजे ओपीटी बारा महिने, वाढ नाही. तीसुद्धा हातची जाणार होती. पूर्णवेळ सीपीटी (शिकत असताना काम करायची परवानगी) बारा महिने भरली की त्या पदवीची ओपीटी मिळत नाही, आणि इंटर्नशिप नेमकी १ जुलै ते ३० जून! हे मला एका सीनिअर मैत्रिणीने सांगितलं, आमच्या विभागात कुणी चकार शब्द काढला नव्हता. धावपळ करून सीपीटी एक दिवस आधी संपवून घेतली. जे कुणी पुढे येणार आहेत त्यांनी इंटर्नशिपच्या तारखा ठरतानाच हे बघा, माझ्यासारखं ऐनवेळी नको.

तर फेलोशिपच्या दुसऱ्या वर्षाचं काय? त्यासाठी एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, लागेल. प्रशिक्षण संचालक म्हणतात, "एच-१बीचं पुढे बघू." या 'पुढे बघू'वर विसंबून क्लिनिक सोडू का? फेब्रुवारीअखेरच्या कॉमन होल्ड डेटपर्यंत ऑफर धरून ठेवता येते, नंतर उत्तर द्यावंच लागेल.

माळरान:
ताई, मी याच वाटेने गेले आहे. संचालकांच्या हातात व्हिसा नसतो, थेट हॉस्पिटलच्या इमिग्रेशन ऑफिसला ईमेल कर. त्यांना एवढंच विचार: पगारपत्रकावर नाव कुणाचं, आणि ती संस्था कॅप-एक्झेम्प्ट (एच-१बीच्या वार्षिक मर्यादेतून सूट असलेली) आहे का? विद्यापीठ किंवा त्याच्याशी संलग्न ना-नफा हॉस्पिटल असेल तर लॉटरी नाही, अर्ज वर्षात कधीही करता येतो. पण नुसतं विद्यापीठाचं नाव पाटीवर असून भागत नाही, म्हणून उत्तर लेखी घे.

दुसरं, तुझ्याकडे परवाना नसेल. तेव्हा त्या राज्यात परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करता येतं हे अर्जात दाखवावं लागतं, तसं पत्र आत्ताच मागून ठेव. सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर झालेल्या एच-१बीच्या एक लाख डॉलरच्या शुल्काबद्दलही विचारून घे, आणि अर्ज चालू असताना भारतात जायचं तिकीट काढू नकोस.

ओपीटीची सुरुवात पदवीच्या अंतिम तारखेनंतर ६० दिवसांपर्यंत कधीही ठेवता येते. फेलोशिप ऑगस्टअखेर सुरू होत असेल तर तारीख तशी टाक, दोन महिने फुकट घालवू नकोस.

कोयनाकाठ:
माझं मत वेगळं आहे. आधी परवाना. तो हातात आला की न्यूरोसायकॉलॉजी नंतरही करता येईल. मी क्लिनिकमध्ये वर्ष काढलं, तास भरले, त्या एका कागदामुळे रात्रीची झोप परत आली. फक्त कॅलिफोर्नियात तास मोजायला लागण्याआधी सुपरव्हिजनच्या करारावर सह्या झालेल्या असू देत.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. माळरान, आज सकाळी ईमेल केला, दुपारी उत्तर आलं: फेलो विद्यापीठाच्या पगारपत्रकावर असतात, आणि याआधी दोघांची एच-१बी त्यांनी केली आहे. शुल्काबद्दल त्यांचा वकील गुरुवारी फोन करणार आहे. कोयनाकाठ, तुमचं म्हणणं पटतं, म्हणूनच क्लिनिकला अजून नकार कळवलेला नाही.

देखरेखीच्या त्या पत्रात नेमकं काय लिहून घ्यायचं? कुणाकडे नाव-गाव खोडलेला नमुना असेल तर गुरुवारच्या आत व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?