कूटचे कैदी: तुटवडा की निर्दयपणा?

लश्करवाला: काल बाड्यावर बेडई खाता खाता मित्राशी वाजलं. विषय पहिल्या महायुद्धातलं, इराकमधलं कूट. टिग्रिसकाठच्या त्या गावात इंग्रज सेनापती टाऊनशेंडची फौज तुर्कांच्या वेढ्यात 147 दिवस अडकली, उपाशी पडली आणि 29 एप्रिल 1916 ला शरण आली. सुमारे 13,000 माणसं, त्यांत आपल्या मराठा पलटणीही. पुढे कैदेत हजारो मेली. मित्र म्हणतो, तुर्क कसाई. मला पटत नाही. कूटजवळच्या शुमरानच्या तळावर कैद्यांना मिळाली ती तुर्की फौजेचीच बिस्किटं, दगडासारखी. रिकाम्या पोटांनी ती हावरटासारखी खाल्ली आणि कित्येक तिथेच तडफडून मेले. पण तुर्की शिपायाच्या वाट्यालाही तेच होतं. 1907 चा हेगचा आंतरराष्ट्रीय युद्धनियमही कैद्याला आपल्या शिपायाइतकंच द्या म्हणतो. घरात पीठ नाही, तर पाहुण्याला पुरणपोळी कुठून?

मुरारची सून: पुरणपोळी कोणी मागितलीय? मी बूट मागतेय. पहारेकऱ्यांनी कैद्यांचे बूट, कपडे काढून घेतले आणि उन्हात वाळवंट तुडवायला लावलं. ब्रिटिश शिपायांतले निम्म्याहून जास्त परतले नाहीत. आणि टाऊनशेंडसाहेब? इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात. त्याच्यापुरतं बरं सापडलं पीठ!

लश्करवाला: एकाला पोसणं वेगळं, हजारोंना वेगळं. बगदादच्या उत्तरेला समारापर्यंतच रेल्वे, त्याच्या पुढे रूळच नव्हते, चालवणार नाहीतर काय करणार? बूट काढणाऱ्याचे स्वतःचे तरी धड होते का?

निवृत्त हवालदार: 71 ला आपण पाकिस्तानचे 93,000 कैदी सांभाळलेच की.

लश्करवाला: काका, ती लढाई 13 दिवसांची. कोठारं भरलेली होती.

मुरारची सून: भरल्या कोठाराचंच घ्या मग. अमेरिकेतलं यादवी युद्ध, उत्तरेची एल्मायरा छावणी, 1864-65. सुमारे 12,000 कैदी, जवळपास 3,000 मेले. उत्तरेला धान्याची ददात नव्हती. दक्षिणेत आपल्या माणसांचे हाल होतात म्हणून कैद्यांचा शिधा मुद्दाम कापला होता.

लश्करवाला: आणि दक्षिणेतलं अँडरसनव्हिल? 45,000 पैकी जवळपास 13,000 गेले. बंदरं नाकेबंदीत, रेल्वे मोडकळीला आलेली, वर कैद्यांची अदलाबदलही बंद. तिथे तुटवडा खराच होता.

निवृत्त हवालदार: पहाऱ्यावर एकदा दोन दिवस शिधा पोचला नव्हता, तेव्हाचं सांगतो. तिसऱ्या दिवशी पोरं शेजारच्या तुकडीच्या डेगचीकडे टक लावून बघायला लागली. ती तर आपलीच माणसं. समोर शत्रू असता तर? आमचे सुभेदारसाहेब स्वतः डेगचीपाशी जाऊन बसले, म्हणून निभावलं.

मुरारची सून: काका, हेच तर म्हणतेय. तिथे कोणी बसलं नाही. अँडरसनव्हिल जॉर्जियातलं, आजूबाजूला झाडीच झाडी. तरी कैदी फाटक्या घोंगड्यांखाली, जमिनीत भोकं करून राहिले. लाकडाचा कसला आलाय तुटवडा?

लश्करवाला: लाकडाचं मान्य. बिस्किटाचं नाही.

मुरारची सून: आणि बुटांचं?

लश्करवाला: बुटांचं उद्या. आत्ता दुकान उघडायचंय.