शून्यं गळली की
"दुकानदाराने लावलेली किंमत म्हणजे दिलेला शब्द, चुकून कमी लागली तरी त्याच भावात द्यायलाच पाहिजे" असं काही जण म्हणतात, पण ते इतकं सरळ नाहीये हो. २००३ मध्ये सिंगापूरच्या एका साइटवर ३,८५४ सिंगापुरी डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लागला, सहा जणांनी रातोरात एकमेकांना कळवून मिळून १,६०६ प्रिंटर मागवले आणि ऑर्डर रद्द झाल्यावर उलट कोर्टात गेले. हरले अर्थात! चूक आहे हे त्यांना कळत होतं, कोर्टाने त्यांची चॅटिंगच वाचून काढली. एखादा घेतला असता तर मी नशीब म्हटलं असतं, पण शेकड्याने? बाकी बिलात चार पैसे जास्त लागले की आपण काउंटर डोक्यावर घेतो आणि कमी लागले की मुकाट पिशवी उचलून चालू पडतो, मी पण त्यातलाच.