वाकळ की गोधडी? 'फ्रेंडशिप क्विल्ट'ला मराठीत काय लिहू?

सुईदोरा (कोल्हापूर)
बरेच दिवस लिहायला वेळ नव्हता, पण आता अडलंय म्हणून विचारतो. दसऱ्यापासून कामाची नुसती रीघ लागलीय. तीन बाळांची दुपटी, एका लग्नातलं डबलबेडचं, शनिवार-रविवार घरात शिकवणी (सात बायका, त्यातल्या दोघी साठीच्या पुढच्या), आणि ह्या सगळ्यात आम्हा सहा मैत्रिणींचं एक काम. आमच्यातली एक पुढच्या महिन्यात शाळेतनं रिटायर होतीय, तिला बाकी पाचजणींनी मिळून एक क्विल्ट द्यायचं ठरलंय. प्रत्येकीनं घरातल्या जुन्या साडीचे बारा इंची चौकोन करायचे, एकावर आपलं नाव दोऱ्यानं काढायचं, जोडायचं काम माझं. ही कल्पना आमची नव्हे, अमेरिकेत १८४० च्या सुमाराला ह्याची लाट होती, गाव सोडून लांब जाणाऱ्या बाईला शेजारणी सहीचे तुकडे जोडून द्यायच्या, त्याला फ्रेंडशिप क्विल्ट म्हणतात.

तर मागच्या बाजूला एक पट्टी लावून त्यावर हे काय आहे, कुणी केलं, कधी केलं ते लिहायची पद्धत आहे. मी कागदावर लिहिलं 'मैत्रीची गोधडी'. शिकायला येणाऱ्या एक मावशी म्हटल्या, गोधडी कोण म्हणतंय गं आपल्यात, वाकळ म्हण की. तिथंच बसलेली माझी मैत्रीण भडकली, वाकळ म्हणजे चिंध्यांची, बाईंच्या निरोपाला वाकळ देणार काय! दोघींची चांगलीच जुंपली. माझी आज्जी वाकळच म्हणायची, मला तोच शब्द पाहिजे वाटतोय, पण 'मैत्रीची वाकळ' कानाला बरोबर लागतंय का?

आणि दुसरं, खरं तर हे जास्त अडतंय. तुकडे एकाला एक जोडणं हे एक काम, आणि मग वरचं, आतलं, अस्तर असे तीन थर एकावर एक घालून आरपार धावदोरा घालणं हे वेगळं काम. इंग्रजीत दोन्हीला वेगळे शब्द आहेत. मी शिकवताना दोन्हीला 'शिवणं'च म्हणतो आणि बायकांचा घोळ होतो. जुन्या बायका ह्याला काय म्हणायच्या?

गंगावेश
वाकळच. आमच्या घरात गोधडी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. थंडीत 'वाकळंत शिर' असंच म्हणायचे, 'गोधडीत शिर' म्हटलं तर ऊबच येत नाही.

मुठाकाठ
गोधडी सगळ्या महाराष्ट्राला कळते, वाकळ दक्षिणेकडं. पट्टीवरचा मजकूर उद्या दुसऱ्या गावचा माणूसही वाचणार, तेव्हा गोधडी योग्य. आणि माफ करा, तुम्ही लिहिलंय 'विचारतो', 'म्हणतो'. मी आधी दादा समजून वाचत होतो, मग 'आम्हा सहा मैत्रिणी' आलं.

सुईदोरा
आम्ही बायका असंच बोलतो. मी जातो, मी येतो, मी जेवलो. आई तशीच बोलायची, आज्जी तशीच. कॉलेजात एकदा वर्गासमोर एका सरांनी सुधारलं होतं तेव्हा लाज वाटलेली, आता नाही वाटत. वाकळीचं पण तसंच आहे बघा, लाज वाटायला लावली की शब्द जातो.

गंगावेश
ताई एकदम बरोबर बोललात.

निपाणीकर
आमच्याकडं कौदी. घरात मराठी, बाजारात कानडी, पण अंथरुणाला सगळेच कौदी म्हणतात. आणि हल्याळ-यल्लापूर भागातले (उत्तर कन्नड जिल्हा) सिद्दी लोक आहेत ना, मूळचे आफ्रिकेतले, त्यांच्या बायका करतात त्याला कवंदी म्हणतात. शब्द जवळचेच वाटतात. त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे, कडेनं सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यात येतात आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांचे त्रिकोण लावतात, त्याला 'फुलं' म्हणतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते असं मानतात. ताई, तुमच्या मैत्रिणीच्या क्विल्टला चार फुलं लावा.

कोशवाचक
वाकळ हा शब्द वल्कलावरून आलाय. वल्कल, वक्कल, वाकळ. ऋषींचं वस्त्र ते. तेव्हा चिंध्यांची म्हणून हिणवणाऱ्या मैत्रिणीला हे सांगा. उलट गोधडी म्हणजे हिंदीतली गुदडी, ती आपली कुठं? आणि कंथा हा संस्कृत शब्द तर बंगालात अजून कांथा म्हणून जिवंत आहे.

आडवाट
वल्कल झाडाच्या सालीचं, वाकळ कापडाची, मधला सांधा कुठाय? आमचे आजोबा सांगायचे, जमिनीवर पसरून दिवसभर वाकून शिवायची म्हणून वाकळ. मला तेच पटतं. आमच्या आईची पाठ त्यानंच गेली.

कोशवाचक
दादा, आजोबांचा मान ठेवून सांगतो, वाकणं आणि वाकळ ही कानाला सारखी लागतात म्हणून जोडलेली व्युत्पत्ती आहे. र, ल, ळ ह्यांचा प्रवास बघावा लागतो. आणि वस्त्राचा अर्थ सालीवरून कापडावर सरकायला काही अडचण नाही, अर्थ असेच सरकतात.

आडवाट
मग वाकण्यावरून सरकायला काय अडचण?

घडीवर घडी
मूळ प्रश्नाकडं यायचं तर आमच्यात (सातारा) वस्तूप्रमाणं शब्द वेगळे आहेत, एकच शब्द सगळ्याला चालत नाही. बाळाची ती दुपटी. चार पदरी असली की चौघडी, म्हणजे चौ-घडी, हे तरी कुणी वादात घालू नका. कापूस भरलेली ती दुलई, नाहीतर रजई. दुहेरी जाड चादर ती पासोडी. आंबेजोगाईच्या संतकवी दासोपंतांनी पंचीकरण लिहिलं ते अशाच पासोडीवर, कापडावर लिहिलेला ग्रंथ. म्हणजे कापडावर अक्षरं घालायची आपली परंपरा जुनीच आहे, तुमच्या मैत्रिणी नाव काढतायत ते काही परकं नाही. आणि जुन्या लुगड्या-धोतराची, अंगावर घेऊन मऊ झालेली, ती वाकळ किंवा गोधडी. नव्या कापडाची असेल तर तिला वाकळ म्हणता येणार नाही असं माझं मत.

सुईदोरा
नवं कापड नाहीये, हेच तर. माझ्या चौकोनात आईच्या नऊवारीचा काठ आहे. एकीनं सासूबाईंचं पातळ कापलं, कापायच्या आधी रात्रभर कात्री घेऊन नुसती बसली होती म्हणे. एकीचं इरकल धुऊन धुऊन इतकं विरलंय की सुई नुसती टेकवली तरी भोक पडतं, तिथं मी बारीक सुई घेतो, दहा नंबरची (नंबर वाढेल तशी सुई बारीक होते, नवीन बायका इथं हमखास चुकतात), आणि खाली मलमलचा तुकडा धरतो. तुमच्याच व्याख्येनं ही वाकळ झाली.

पण दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच बोलेना.

शिरोळ तालुका
बोलतो. आमच्यात तुकडे 'जोडायचे' आणि थर 'टाचायचे'. "आज वाकळ टाचायला बसायचं हाय" असं आई म्हणायची. जोडलेली असायची आधीच.

मुठाकाठ
टाचणं म्हणजे कच्ची शिवण. टेलर कपडा टाचतो, मग पक्की टीप मारली की ते टाके उसवतो. पक्क्या टाक्याला टाचणं म्हणणं चूक.

शिरोळ तालुका
चूक कशी? आईनं टाचलेली वाकळ आम्ही वीस वर्षं अंगावर घेतली, कच्ची नव्हती. २०१९ च्या पुरात घरात छातीएवढं पाणी, आठ दिवसांनी परत आलो तर गाद्या सडलेल्या, कपाट फुगलेलं. ती वाकळ चिखलात होती. भिजलेली वाकळ चौघांनी उचलली, एवढी जड. नदीवरच दोन दिवस बडवून धुतली, गच्चीवर वाळायला चार दिवस लागले, वास जाईना, पण एक टाका सुटला नव्हता. रंग सगळे एकमेकांत गेले होते. अजून आहे. त्याला तुम्ही काय म्हणता ते म्हणा, आम्ही टाचलेली म्हणणार.

मुठाकाठ
दादा, शब्द मागं घेतो. मी टेलरच्या दुकानातला अर्थ धरून बसलो होतो.

गंगावेश
कच्च्या शिवणीला मग काय म्हणायचं? थर हलू नयेत म्हणून आधी लांब लांब टाके घालतात ते? दोन्हीला टाचणं म्हटलं की क्लासात परत घोळ.

पेठेतली
मी ह्याच क्लासला जातो. घोळ शब्दानं होत नाही, टाक्यानं होतो. ताई सांगतात गाठ पोटात घ्या, म्हणजे दोरा जरा ओढून गाठ वरच्या कापडातनं आत सरकवायची, दोन थरांच्या मध्ये लपते. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी एवढ्या जोरात ओढलं की गाठ खालनं बाहेर. आता बरोबर 'टक' असा बारीक आवाज येतो, बोटाला कळतो. तो आवाज आला की ताई समोरच्या खोलीतनं म्हणतात, बसली! आणि खरं सांगायचं तर मला 'पॅचवर्क क्लास' असं कळलं म्हणून मी आलो, 'वाकळ शिका' म्हटलं असतं तर आलो नसतो. चार दिवसांत माझंच मत फिरलं.

सुईदोरा
पोरी तुझे चौकोन अजून आलेले नाहीत माझ्याकडं.

पेठेतली
शनिवारी आणतो. नावातला 'ळ' जमेना, दोनदा उसवला.

कोशवाचक
'पोटात' हा शब्द महत्त्वाचा आहे. वाकळीला पोट असतं, पदर असतो, काठ असतो. कुणी ह्यावर नीट लिहायला पाहिजे. वल्कलाबद्दल मी अजून ठाम आहे.

आडवाट
मी पण.

निपाणीकर
पोटावरून आठवलं. आमची आज्जी शेवटचा तुकडा बसवायच्या आधी आत भाकरीचा एवढासा तुकडा ठेवायची. कौदी उपाशी ठेवू नये म्हणायची, ती उपाशी राहिली तर पांघरणारा उपाशी राहतो. तुमच्याकडं असं करतात काय?

घडीवर घडी
आमच्याकडं तांदळाचे दाणे. पाच.

शिरोळ तालुका
आईनं काय ठेवलेलं माहीत नाही. उसवून बघायचं धाडस नाही.

सुईदोरा
हे मला माहीतच नव्हतं. आज्जीला विचारायचं राहून गेलं. बाकी चौघींना फोन करतो, प्रत्येकीच्या घरातनं एक-एक दाणा मागवतो, फक्त उंदीर-कसर लागणार नाही असं काय ठेवावं ते सांगा, कारण हे पेटीत राहणार. मध्यातला एक चौकोन अजून उघडाच आहे. पट्टी पण कोरीच ठेवलीय.

घडीवर घडी
दाणे भाजून घ्या. आणि वर 'दुपटी' लिहिलंय ना, आमच्यात एक असलं तरी दुपटीच म्हणतात, ती दुपटी. तुमच्याकडं ते दुपटं?

गंगावेश
ते दुपटं. ती दुपटी कोण म्हणतंय?