अध्ययन निष्पत्तीत 'समजते' का चालत नाही?

खडूफळा : सहावीच्या विज्ञानाची सरावपुस्तिका लिहिते आहे. चुंबकाच्या धड्याला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे धडा शिकून मुलांना काय येईल ते सांगणारं वाक्य, दिली, 'चुंबकाचे गुणधर्म समजतात.' संपादकांनी परत पाठवली. म्हणे, समजणं डोळ्यांना दिसत नाही, दिसेल असं क्रियापद घाला. 'समजणे'ला दुसरा शब्द सुचवा.

जुनामास्तर : शब्द बदलून भागणार नाही. मूल काय करून दाखवेल ते लिहा. 'दिलेल्या वस्तूंमधून चुंबकाला चिकटणाऱ्या वेगळ्या काढतात.' 'टांगलेला पट्टीचुंबक कोणत्या दिशेत स्थिर राहतो ते पाहून सांगतात.' आमच्या बीएडच्या पाठ टाचणात उद्दिष्ट एक आणि त्याखाली स्पष्टीकरणं चार असत : फरक सांगतो, उदाहरणे देतो, वर्गीकरण करतो. २०१७मध्ये एनसीईआरटीने, म्हणजे शालेय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या केंद्रीय संस्थेने, त्याचंच 'निष्पत्ती' म्हणून नवं बारसं केलं.

तिरकस : बारसंच नाही हो. उद्दिष्ट शिक्षकाच्या मनातलं, निष्पत्ती मुलाच्या हातून घडलेली. पण शब्द मात्र पोलिसी! 'तपासात निष्पन्न झाले.' पालकसभेत एका आजोबांनी विचारलं, निष्पत्ती म्हणजे मार्कच ना? साधं 'फलित' म्हणायला काय झालं होतं?

नागपूरकर : मग जीवशास्त्राच्या पुस्तकात पहिल्या पानावर 'अध्ययन फलित' आणि आत 'फलित अंडं'. पोरं काय हसतील!

तिरकस : हसू द्या की. लक्षात तरी राहील.

संस्कृतवेडा : निष्पत्ती, उत्पत्ती, संपत्ती, आपत्ती, सगळ्या 'पद्' धातूच्या लेकी. निष्पत्ती म्हणजे पूर्णत्वाला जाणं. अर्थ चोख आहे, उगाच सोपं करू नका.

नागपूरकर : शाळेत त्यातली शेवटचीच लेक जास्त येते.

खडूफळा : अहो, 'वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगतात' याचं काय करू? बाळगलेला दिसतो कुठे? आणि 'करतो' की 'करते'?

जुनामास्तर : 'करतात' लिहा, मुलगा-मुलगी दोन्ही आले. दृष्टिकोनाचं अवघड आहे. 'ऐकलेला दावा स्वतः प्रयोग करून पडताळतात' असं काही जमेल. पण तुम्ही 'चुंबक' लिहिलंय, मुलं घरी 'लोहचुंबक' म्हणतात.

संस्कृतवेडा : तो निकेल, कोबाल्टलाही ओढतो. 'लोह' कशाला?

तिरकस : आमच्या गावात निकेल कुणी पाहिलंय? लोहचुंबकच बरोबर.

संस्कृतवेडा : मुळात चुंबक म्हणजे चुंबन घेणारा...

खडूफळा : हे सहावीचं पुस्तक आहे!