मदत हवी आहे : पाळीच्या आगेमागे उठणारी अर्धशिशी आणि हार्मोनच्या गोळ्या

नमस्कार. वय ४१, नाशिकला असते, बँकेत काउंटरवर काम करते. घरी नवरा, सासूबाई आणि आठवीतली लेक. थोडं सविस्तर लिहिते, कारण प्रत्येक डॉक्टरांना अर्धंच सांगत आले आणि त्यातूनच हा घोळ झालाय.

कॉलेजात असल्यापासून माझं डोकं दुखतं. एकाच बाजूला, बहुतेक वेळा उजव्या भुवईच्या वर, ठणके पडतात. उजेड सहन होत नाही, फोडणीचा वास आला की मळमळतं आणि उलटी झाली की जरा बरं वाटतं. लेकीच्या वेळी चौथ्या महिन्यापासून एकदाही दुखलं नाही. बाळंतपणानंतर मात्र दुप्पट जोराने परत आलं. आमच्या घरी याला पहिल्यापासून 'पित्ताचं डोकं' म्हणतात. आईचंही असंच दुखायचं. ती जुन्या साडीची पट्टी डोक्याला करकचून बांधून माजघरात अंधार करून पडायची. मीही मोरावळा, कोकम सरबत, उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, सगळं करून पाहिलं. उलटी हा अर्धशिशीचाच भाग असतो, पित्त हे कारण नसतं, हे मला गेल्या डिसेंबरात फिजिशियननी सांगितलं तेव्हा कळलं. नोंद ठेवायला त्यांनीच सांगितलं.

जानेवारीपासून कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनने खुणा करते. डोकं दुखलं की फुली, गोळी घेतली की टिंब, पाळीच्या दिवसांना गोल. सहा महिन्यांची पानं परवा एकत्र पाहिली. पाळीच्या दोन दिवस आधीपासून तिसऱ्या दिवसापर्यंत फुल्यांची दाटी. बाकीच्या फुल्या विखुरलेल्या, पण संकष्टीला जवळजवळ दर महिन्याला एक आहेच. टिंबं मोजली आणि पोटात गोळा आला : मे महिन्यात १३ दिवस गोळी. मेडिकलमधून मिळते तीच, एर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली.

आता खरा प्रश्न. मार्चअखेरीच्या गर्दीत एका चेकवरची रक्कम वाचत होते. पंचेचाळीस हजारातला पाचच दिसेना. डोळे चोळले, चष्मा पुसला. जिथे बघावं तिथला आकडा गायब, बाजूचे दिसतायत. मग त्या रिकाम्या जागेच्या कडेने फुटक्या बांगडीसारखी एक कमान चमकायला लागली, करवतीच्या दातांसारखी, आणि हळूहळू मोठी होत डाव्या बाजूला सरकत गेली. वीसेक मिनिटांत सगळं थांबलं आणि मग डोकं उठलं. जूनमध्ये पुन्हा एकदा तसंच झालं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं वाटलं.

दरम्यान वर्षभर अंगावरून फार जातं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. सोनोग्राफीत छोटी गाठ निघाली. त्यांनी २१ गोळ्यांची पट्टी दिली, पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायची. बीपी घेतलं, शुगर विचारली. डोकेदुखीचं त्यांनी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. पित्ताचं काय सांगायचं! काल पट्टीच्या मागचं वाचलं, त्यात एथिनिल एस्ट्रॅडिओल, म्हणजे एस्ट्रोजेन हार्मोन आहे. पाळी सहा दिवसांवर आलीय आणि पट्टी कपाटात आहे. हार्मोनच्या गोळीने अर्धशिशी कमी होते असं मैत्रीण म्हणते, वाढते असं जाऊबाई म्हणतात. घ्यावी का? आधी कुणाकडे जावं, न्यूरोलॉजिस्टकडे की परत त्यांच्याकडेच? रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी कुणी घेतली आहे का?

आणि लेकीला दिवाळीत पाळी सुरू झाली. आता महिन्यातून एकदा तीही शाळेतून डोकं धरून येते. तिचे दिवस माझ्यासारखे पित्त म्हणत जाऊ नयेत, एवढं फार मनापासून वाटतं.

जुई :
ताई, ती पट्टी सुरू करू नका आणि उद्या सकाळीच डॉक्टरांना फोन करा. चमकती कमान दिसली त्याला ऑरा म्हणतात. ऑरासह मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, असलेल्या बाईला पक्षाघाताचा धोका मुळात थोडा जास्त असतो, आणि एस्ट्रोजेनच्या गोळीने तो आणखी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत अशा बाईसाठी ही गोळी चौथ्या वर्गात आहे, म्हणजे वापरायचीच नाही. ऑरा नसला तरी मायग्रेन असताना पस्तिशीनंतर ती सहसा सुरू करू नये असंच त्यात आहे. तुमच्या डॉक्टरांना हे ठाऊक असणारच, त्यांच्यापर्यंत ऑराची गोष्ट पोचलेली नाही इतकंच. अंगावरून जाण्यावर एस्ट्रोजेन नसलेले इलाज आहेत. मला लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे वेगळं हार्मोन सोडणारं, कॉपर-टीसारखं दिसणारं साधन बसवलं होतं. गाठ कुठे आहे त्यावर ते ठरतं, तेव्हा विचारा.

पाळीच्या तोंडावर एस्ट्रोजेनची पातळी झपकन खाली येते, तेव्हा डोकं उठतं. गरोदरपणी ती पातळी चढी आणि स्थिर असते, म्हणून तुम्ही बऱ्या होतात. पाळी नियमित असेल तर त्या पाच-सहा दिवसांपुरतं नेप्रोक्सेन ही वेदनाशामक गोळी किंवा लांब टिकणारं ट्रिप्टान (मायग्रेनवरचंच खास औषध) देतात. पण ट्रिप्टान आणि तुमची एर्गोटामाइनची गोळी २४ तासांच्या आत दोन्ही घ्यायच्या नसतात. सध्या काय घेता ते पाकिटासकट दाखवा.

रोजच्या गोळ्यांपैकी मी प्रोप्रॅनोलॉल घेतली. दमा असेल तर ती चालत नाही. फरक कळायला दोन महिने गेले. पहिल्या पंधरा दिवसांत सोडून देणार होते, बहिणीने सोडू दिली नाही. त्याआधी फ्लुनारिझीन होती. तिने वजन वाढलं आणि मन फार उदास राहायला लागलं. टोपिरामेट सुचवली तर गरोदर राहण्याची शक्यता आहे का हे आधी बोला, पोटातल्या बाळाला तिचा धोका असतो.

रानवाटा :
मी औषधांच्या दुकानात बसतो, म्हणून टिंबांबद्दल लिहितो. एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र वेदनाशामक महिन्यात १० दिवस किंवा जास्त, असे तीन महिने गेले की गोळीच डोकं दुखवायला लागते. साध्या पॅरासिटामॉलला ही मर्यादा १५ दिवस. आमच्याकडे पट्टी घेऊन जाणाऱ्या बायकांना हे कुणी सांगितलेलं नसतं. मी सांगतो तर काहींना राग येतो. सोडल्यावर सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा.

आणखी एक. चाळिशीनंतर पहिल्यांदाच ऑरा आला असेल तर न्यूरोलॉजिस्टनी एकदा तपासायलाच हवं. हातातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं एकाएकी उठलं, तर घरी झोपून वाट पाहायची नाही, थेट मोठं हॉस्पिटल.

मूळ धागाकर्ती :
जुईताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. सकाळी फोन केला. चमकणाऱ्या कमानीचं सांगितल्यावर डॉक्टर क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "पट्टी फोडू नका, गुरुवारी या, येताना कॅलेंडर आणा." न्यूरोलॉजिस्टसाठी चिठ्ठीही त्याच देणार आहेत. फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहून घेते म्हणाल्या.

सासूबाईंनाही सगळं वाचून दाखवलं. दिवसभर पोट रिकामं ठेवून चंद्रोदयाची वाट बघायची तर संकष्टी नको करूस, मी करते तुझ्या वाटची, असं त्या आपणहून म्हणाल्या. मला भरून आलं. लेकीसाठी तिच्या खोलीत वेगळं कॅलेंडर लावलंय, खुणा तिच्या तीच करणार आहे.

जुईताई, एक विचारायचं राहिलं. प्रोप्रॅनोलॉल चालू असताना जिना चढताना थकवा यायचा का? आमची शाखा दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.