जुनं दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन धूर काढतंय आणि तापतंय, उघडण्याआधी काय काय बघू?

खाडीकाठ_दिवाळे

नमस्कार मंडळी. बाबांच्या होडीसाठी एप्रिलमध्ये एक सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन घेतलं. दहा हॉर्सपॉवर, 1500 आरपीएम. आधी मुरबाडकडे विहिरीवर पंपाला जोडलेलं होतं. होडीत बसवताना आम्ही पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंप लावला. खाडीचं पाणी थेट इंजिनाच्या जाकीटमधून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीतून, फिरतं आणि बाजूच्या पाइपातून बाहेर पडतं.

सकाळी चालू केलं की तीन-चार मिनिटं पांढरा धूर येतो, डोळ्यांना झोंबणारा. मग रेसवर साफ चालतं. गिअर टाकून पाऊण थ्रॉटल दिला की काळा धूर सुरू. वीस मिनिटांत हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, इतकं तापतं की वर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडतो, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला वाफ असते.

एक मेकॅनिक येऊन दोन मिनिटं आवाज ऐकून गेला. म्हणाला फुल काम करावं लागेल, बोअर-पिस्टन-रिंग, हेड, सगळं. खर्च 38 हजार सांगितला. पावसाळ्यातली मासेमारी बंदी 31 जुलैला संपते, त्याआधी इंजिन हाताशी हवं. बाबांनी आयुष्यभर वल्ही मारली, आता खांदा वर होत नाही, म्हणून हे घेतलं. खरंच एवढं काम आहे का, की आधी काही बघता येईल?

जुना_फिटर_कळवा

इंजिन उघडू नकोस. अजिबात नको. आवाज ऐकून बोअर गेलाय हे कळत नाही.

आधी मला एवढं सांग. तेलाची पट्टी काढून बघ: पातळी चढलीये का, तेलाला डिझेलचा वास येतो का, की दुधाच्या चहासारखं दिसतंय? पट्टीवर तेल चढत असेल तर त्या दिवशी इंजिन चालू करायचंच नाही. तेलात डिझेल उतरलं की इंजिन स्वतःचंच तेल खाऊन पळत सुटतं आणि डिझेल बंद केलं तरी थांबत नाही. तसं झालंच तर हवेच्या तोंडावर फळी दाबायची, हात नाही.

दुसरं, डीकॉम्प्रेशन लिव्हर, म्हणजे सिलिंडरचा दाब सोडणारा दांडा, खाली ठेवून, दाब सुटू न देता, हँडल हळू फिरव. कॉम्प्रेशनवर आलं की चक्र तुला उलटं ढकलतं का? अंगठा हँडलला गुंडाळू नको, बोटांच्या बाजूलाच ठेव. ढकलत असेल तर रिंगा एवढ्या गेलेल्या नाहीत.

तिसरं, चालू असताना तेल ओतायचं झाकण काढ. तिथून धुराचे भपके येत असतील तर रिंगांचा विचार करू. नुसती उबदार हवा येत असेल तर त्या माणसाचे 38 हजार विसर.

आणि तापलेल्या हेडवर गार पाणी कधीही ओतू नका. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं. इंजिन हळू रेसवर दोन मिनिटं सोडायचं, मग बंद.

पंप_नोझल_ताई

आमचं पंप-नोझल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून, म्हणून धुराबद्दल थोडं सांगते.

पांढरा धूर दोन प्रकारचा असतो आणि लोक तिथेच फसतात. एक वाफ, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये जातंय. दुसरा न जळलेला डिझेलचा धूर. ओळखायला स्टीलची गार ताटली सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर लांब दोन मिनिटं धरा, सुती फडक्याने पकडून. ताटलीवर स्वच्छ थेंब आले आणि बोट फिरवल्यावर बोट नुसतं ओलं झालं तर पाणी. चिकट, तेलकट थर आला आणि वास घेतल्यावर नाकात गेलं तर डिझेल. डोळ्यांना झोंबतोय म्हणताय, म्हणून मला डिझेलच वाटतं. गार इंजिनात थोडा वेळ असा धूर येणं चालतं, पण उन्हाळ्यात चार मिनिटं जास्त आहेत.

काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे तेल जळतंय, तो तुम्ही सांगितलेला नाही, हे चांगलं लक्षण आहे.

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून बेंचवर तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. नोझल चौरस सेंटीमीटरला साधारण 200 किलो दाबाला उघडायला हवा आणि फवारा धुक्यासारखा हवा. तोंडाशी थेंब लटकत असेल तर तो थेंब उशिरा जळतो: सकाळी पांढरा, लोडवर काळा, आणि उष्णताही उशिरा सुटल्याने हेडवर येते. म्हणजे तुमची तिन्ही लक्षणं एका नोझलमध्ये मावतात. मावतात म्हणजे तेच आहे असं नाही, पण तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक कळकळीची विनंती. घरी नोझल बाहेर काढून हँडल मारून फवारा बघायचा मोह होतो. समोर बोट धरू नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो, वरून टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. तसं झालं तर दुखो न दुखो, लगेच हॉस्पिटल.

मुरबाडचा_शेतकरी

इंजिन आमच्याकडच्या विहिरीवरचं आहे हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या विहिरीचं पाणी जड. माझ्याही इंजिनाच्या जाकीटमध्ये सात-आठ वर्षांत अंड्याच्या कवचासारखा थर बसला होता. बाहेरून पाणी वाहताना दिसायचं, पण लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, कोरडाच असल्यासारखा तापायचा. त्या थरावर आता तुमचं खारं पाणी.

मी लिंबूसत्व वापरलं. दहा लिटर कोमट पाण्यात अर्धा किलो. गार इंजिनाचं जाकीट भरून दोन-तीन तास ठेवलं, मग काढलं. पहिल्यांदा निघालेलं पाणी गढूळ ताकासारखं होतं. पुन्हा एकदा केलं, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने भरपूर धुतलं. पाण्याच्या वाटेवर ॲल्युमिनियमचा भाग असेल तर आधी काढा. दुकानदार ॲसिडची बाटली देईल, ती घेऊ नका, बीड खातं.

रबाळे_टर्नर

एवढं तापून चाललंय तर हेड बेंड झालंच असेल. उघडून फेसिंग करून, म्हणजे हेड घासून सपाट करून, खाली नवीन गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी पट्टी, टाका, मोकळे व्हा.

जुना_फिटर_कळवा

टर्नर भाऊ, असेलही. पण पाणी कमी का येतंय हे न शोधता नवीन गॅस्केट टाकलं तर ते महिन्यात पुन्हा जाईल. आधी कारण, मग गॅस्केट. गॅस्केटची शंका असेल तर पाण्याचा बाहेरचा पाइप बादलीत बुडवा. सतत बुडबुडे आले, थ्रॉटल वाढवल्यावर वाढले आणि त्यांना धुराचा वास असला तर गॅस्केट. वास नसलेले बुडबुडे असतील तर पंप सक्शनला हवा ओढतोय, क्लिपा आवळा.

दिवाळेकर, घरात दहा लिटरची बादली असेलच. ती त्या पाइपाखाली धर आणि मोबाइलवर वेळ लाव.

खाडीकाठ_दिवाळे

सगळ्यांचे आभार, आज दुपारभर हेच केलं. होडी धक्क्याला बांधून.

तेलाची पातळी बरोबर, रंग काळा, दूध नाही, डिझेलचा वास नाही. हँडल चांगलं उलटं ढकलतं, बाबांनीच फिरवून बघितलं. झाकणातून थोडी हवा, धूर नाही. ताटलीवर चिकट थर, डिझेलचा वास. बुडबुडे नाहीत.

बादली 1500 आरपीएमला भरायला पाच मिनिटं लागली.

जुना_फिटर_कळवा

पाच मिनिटं! मग तुझं उत्तर बादलीतच आहे.

हिशेब बघ. इंजिन दांड्यावर जेवढी ताकद देतं साधारण तेवढीच उष्णता पाण्यात टाकतं. दहा हॉर्सपॉवर म्हणजे साडेसात किलोवॅट. पाणी 30 अंशांनी आत येऊन 50 ला बाहेर पडायचं असेल तर मिनिटाला साडेपाच लिटर लागतं, म्हणजे बादली दोन मिनिटांच्या आत भरायला हवी. तुला मिळतंय दोन लिटर. फुल लोडवर तेच पाणी 80 च्या वर जाणार. आणि खारं पाणी जाकीटमध्ये 55-60 च्या वर गेलं की क्षार सोडतं, ते भिंतीला बसतात, वाट आणखी अरुंद होते. म्हणून असं इंजिन दर आठवड्याला जास्त तापत जातं.

जाळी काढून बघ, आपल्या खाडीत ओहोटीला गाळ आणि प्लॅस्टिकच वर येतं. मग पंपाचं झाकण उघडून इम्पेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या रबरी चाकाच्या, पाकळ्या मोज. एखादी तुटलेली असेल तर तुकडा शोधल्याशिवाय बंद करू नकोस. तो पुढे कुठल्यातरी बेंडमध्ये अडकलेला असतो. नवीन इम्पेलर टाकूनही पाणी येत नाही म्हणून रडणारे मी बरेच बघितलेत.

काळ्या धुराचं अर्धं कारण होडीच्या बुडाला असू शकतं. पंखा, म्हणजे होडी ढकलणारा प्रोपेलर, जड असेल किंवा बुडाला कालवं नि शेवाळ असेल तर इंजिन ओझ्याखाली गुदमरतं. फुल थ्रॉटलला 1500 गाठता आलं पाहिजे. पण धक्क्याला बांधून मोजू नकोस, बांधलेल्या होडीत पंख्यावर जास्त लोड येतो. चालत्या होडीत मोज.

खाडीकाठ_दिवाळे

आठ दिवसांनी लिहितोय.

जाळी साफ होती. इम्पेलरच्या सहापैकी तीन पाकळ्या गायब. दोन तुकडे पंपाच्या पुढच्या बेंडमध्ये सापडले, तिसरा हेडच्या पाण्याच्या तोंडाशी रबरी बुचासारखा अडकला होता. पक्कडने ओढून काढला तेव्हा मागून चमचाभर पांढरी पापुद्री पडली. मुरबाडच्या दादांनी सांगितलं तसंच, अंड्याच्या कवचासारखी.

लिंबूसत्व दोनदा केलं. आता बादली 1 मिनिट 40 सेकंदांत भरते.

ताई, नोझल 140 किलोलाच उघडत होता आणि थेंब गळत होता. दुरुस्त करून 200 ला लावला. सकाळचा धूर आता अर्ध्या मिनिटात जातो. एकूण खर्च सव्वातीन हजार झाला, इम्पेलर आणि नवीन क्लिपा धरून.

पंप_नोझल_ताई

खूप बरं वाटलं वाचून. डिझेलचा फिल्टरही बदला आणि टाकीच्या तळाचं पाणी काढा, नाहीतर हाच नोझल पुन्हा आणाल. होडीतल्या टाकीत पाणी साचतंच.

चिंबोरी_सारसोळे

एक राहिलं. ते लिंबूसत्वाचं पाणी आणि जुनं तेल खाडीत सोडलं नाहीत ना? ठाणे खाडी 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेली ते ठीक, पण त्याच चिखलात आपली निवटी आणि चिंबोऱ्या आहेत. तेलाचा डबा भरून गॅरेजवाल्याला द्या, जुनं तेल विकत घेणारे त्याच्याकडे येतात.

खाडीकाठ_दिवाळे

नाही सोडलं. जाकीटचं पाणी ड्रममध्ये काढून त्यात सोडा टाकला आणि घरी नेलं. तेलाचा डबा गॅरेजमध्ये दिला.

काका, फुल थ्रॉटलला अजून थोडा काळा धूर आहे. काल ओहोटीला होडी आडवी करून बाबांनी आणि मी बूड खरवडलं, दोन घमेली कालवं निघाली. लेझरवालं टॅकोमीटर मित्राकडून मिळालंय, चक्राला चकाकणारी पट्टी चिकटवली आहे. रविवारी भरतीला जाळं न घेता नुसती होडी पळवतो आणि आरपीएम इथे लिहितो. 1500 गाठलं नाही तर पंख्याचं माप, व्यास आणि पिच, फोटोसकट टाकतो.

जुना_फिटर_कळवा

टाक. आणि बाहेरचं पाणी दर पाच मिनिटांनी हात लावून बघ, हात ठेवता आला पाहिजे.